पान, डहाळी आणि काप

झाड ओळखायचं म्हणजे पान बघायचं, ही आपली शाळेपासूनची सवय. कोकणातल्या सदाहरित राईत ती बारा महिने निभावते. फर्दापुरात मात्र वर्षातले तीन-चार महिने तिचा काही उपयोग होत नाही. अजिंठ्याची लेणी बघायला येणारे पुष्कळ लोक थंडीच्या अखेरीला, नाहीतर उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावायची, तिथून बसने लेण्यांकडे जायचं. वाटेत दोन्ही बाजूंना दिसतात ते करडे, काटक्यांनी भरलेले डोंगर. ‘सगळं वाळून गेलंय’ असं म्हणून माणसं मोबाइलमध्ये डोकं घालतात. त्यांच्यासमोर असतं ते जिवंत, शहाणपणानं पानं टाकून बसलेलं जंगल.

अजिंठ्याच्या या रांगा काळ्या बेसाल्टच्या आहेत. वर मातीचा थर पातळ, पाऊस जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. पान म्हणजे पाणी उडून जायची हजारो छिद्रं. जमिनीत पाणी उरलं नाही की ती छिद्रं बंद करण्यापेक्षा पानच टाकून देणं झाडाला परवडतं. म्हणून इथला साग, सालई, मोई, धावडा, पळस, काटेसावर हे सगळे कमीअधिक काळ उघडे राहतात. पश्चिमेकडे याच रांगांत गौताळा-औट्रमघाट अभयारण्य आहे, १९८६ मध्ये जाहीर झालेलं. तिथलं जंगलही याच जातीचं. अशा जंगलात नुसत्या पानावर विसंबणाऱ्याला वर्षातले तीन-चार महिने सुट्टी घ्यावी लागते. मोबाइलमधलं अ‍ॅप पानाचा नाहीतर फुलाचा फोटो मागतं. एप्रिलात त्याला दाखवणार काय?

पान हा झाडाचा सगळ्यांत सोपा पुरावा आणि सगळ्यांत अल्पायुषी. डहाळी बाराही महिने हाताशी असते. लाकडावरची ओळख तर झाड पडल्यावर, चिरल्यावर, त्याची चौकट होऊन घराला लागल्यावरही पुसत नाही. म्हणून तिन्ही शिकायचं. सुरुवात अर्थात पानापासूनच करावी, कारण डहाळीवरच्या खुणा समजायच्या तर पान कुठं आणि कसं जोडलेलं होतं हे आधी माहीत हवं.

पान हातात घेतल्यावर त्याचा आकार बघण्याची घाई करू नका. आधी ते फांदीवर कसं बसलंय ते बघा. दोन पानं एकाच पेरावर समोरासमोर आहेत, की एक इकडे, पुढचं तिकडे, अशी एकाआड एक? सागाची पानं समोरासमोर. हळदू, म्हणजेच हेदू, आणि कळंब यांचीही तशीच. पळस, खैर, आपटा यांची एकाआड एक. एवढ्या एका प्रश्नानं अर्धी झाडं बाजूला पडतात.

दुसरा प्रश्न: हे एक पान आहे की पानाचा तुकडा? कडुनिंबाची काडी घेऊन ‘यावर बारा पानं आहेत’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्या बारा पर्णिका, पान एकच. फरक ओळखायची खूण पक्की आहे. देठ फांदीला जिथं मिळतो तिथं, त्याच्या बगलेत, डोळा असतो. त्यातूनच पुढं नवी फांदी किंवा फुलोरा फुटतो. पर्णिकेच्या बगलेत डोळा कधीच नसतो. डोळा सापडला की तिथून पान सुरू होतं.

सागाचं पान ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. एक ते दीड फूट लांब, वरून खरखरीत, खालून राखाडी लव. कोवळं पान तळहातावर चोळलं की हात लाल होतो. ही परीक्षा मुलांना फार आवडते. सप्टेंबर-ऑक्टोबरात या डोंगरांवरचे साग एकाएकी तपकिरी दिसू लागतात. ती पानगळ नव्हे. सागावर पडणारी एक अळी पानाचा मऊ भाग खाते आणि शिरांची जाळी तेवढी ठेवते. झाड मरत नाही. पण ती जाळी उन्हाकडे धरून बघा, पानाच्या शिरा कशा निघतात आणि कशा जुळतात याचा एवढा स्वच्छ नकाशा दुसरीकडे मिळत नाही.

गोंधळ होतो तो मध्यम आकाराच्या पानांत. दसऱ्याला ‘सोनं’ म्हणून बाजारात येणाऱ्या ढिगात आपट्याबरोबर कांचनाच्या फांद्याही सर्रास असतात. दोन्हींचं पान टोकाकडून दुभंगलेलं. आपट्याचं पान लहान, जाड, लांबीपेक्षा रुंदीला जास्त. कांचनाचं मोठं आणि पातळ. खानदेशाच्या सीमेवरच्या या भागात तिसरं एक झाड या जोडीत घुसतं, ते म्हणजे अंजन. त्याचं पान आपट्यासारखं दिसतं खरं, पण नीट बघितलं तर चीर देठापर्यंत गेलेली असते. म्हणजे ते दुभंगलेलं एक पान नाही. दोन सुट्या पर्णिका बुडाशी एकत्र आलेल्या आहेत. आपट्याची दोन दलं ओढली तर पान फाटतं. अंजनाच्या दोन पर्णिका आपापल्या जागेवरून अलग निघतात. अंजनाच्या बारीक डहाळ्या खाली लोंबतात, म्हणून मोठं झाड लांबूनही कळतं. खानदेशातल्या जंगलांचं हे मानाचं झाड. त्याचा पाला गुरांना चारतात, सालीतून दोरासाठी वाख निघतो, आणि लाकडाबद्दल पुढं सांगायचंच आहे.

पळसाला पानं तीनच, हे सगळ्यांना पाठ. पण तीनच पर्णिका पांगाऱ्यालाही असतात आणि बेलालाही. पळसाची पर्णिका चामडी आणि जाड. तिच्या पत्रावळी होतात त्या या गुणामुळेच. पांगाऱ्याच्या फांदीवर बारीक काळे काटे असतात, पळसाला काटा नाही. बेलाचं पान चुरडलं की वासच नाव सांगतो.

सालई आणि मोई यांची गाठ सोडवताना जरा कष्ट पडतात. दोन्ही झाडं उघड्या, खडकाळ उतारांवर शेजारी शेजारी उभी असतात. दोन्हींची पानं संयुक्त आणि फांदीच्या टोकाला झुपक्यानं आलेली, दोन्हींचं लाकूड हलकं, दोन्ही महिनोन्‌महिने निष्पर्ण. सालईच्या पर्णिकेची कड दातेरी असते आणि पर्णिकांना देठ जवळजवळ नसतोच. मोईच्या पर्णिकेची कड सरळ. सालईची साल कागदी पापुद्र्यांनी सुटते आणि जखमेतून सुवासिक राळ येते, जी धूप म्हणून जाळतात. मोईच्या सालीला पापुद्रे नाहीत. ती आतून लालसर असते. बाजूच्याच उतारावर एखादं झाड पांढऱ्याशुभ्र, गुळगुळीत खोडाचं दिसलं तर ते कांडोळ. त्यालाच भुत्या म्हणतात, आणि चांदण्यात एकदा बघितलं की का म्हणतात ते विचारावं लागत नाही. पावसाळ्यात त्याला हाताच्या पंजाच्या आकाराची खाचदार पानं येतात.

ऐन आणि अर्जुन ही एकाच कुळातली भावंडं. ऐनाची साल खोल भेगांनी चौकोन चौकोन पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. अर्जुन ओढ्या-नदीच्या काठाला राहतो. त्याची साल फिकट, गुळगुळीत, मोठ्या पातळ खपल्यांनी सुटणारी. हे दोन्ही ठाऊक असलेल्या माणसालाही कोवळं रोप पुढं आलं की प्रश्न पडतो, कारण रोपाला ना भेगा ना खपल्या. तेव्हा पान उलटं करावं. बुडाशी दोन लहान गाठी, म्हणजे ग्रंथी, दिसतात. ऐनात त्या पानाच्या मागच्या बाजूला मधल्या शिरेलगत असतात, अर्जुनात देठाच्या वरच्या टोकाशी. जमिनीवर पडलेलं फळ सापडलं तर काम आणखी सोपं. दोघांच्याही फळाला पाच पंख. ऐनाच्या पंखावरच्या रेषा आडव्या थेट कडेपर्यंत जातात; अर्जुनाच्या पंखावर त्या वरच्या बाजूला वळतात.

आता पानं गेली असं समजू. मार्च महिना, समोर नुसती काटकी. बहुतेक लोक इथं हात टेकतात, आणि मला तर वाटतं खरी मजा इथूनच सुरू होते.

पान गळतं तेव्हा डहाळीवर वण ठेवून जातं. वण समोरासमोर आहेत की एकाआड एक, हे पानाशिवायही वाचता येतं. सागाची कोवळी डहाळी बोटांत फिरवा. ती गोल नसते, चौकोनी असते. चार कंगोरे आणि मध्ये पन्हळी. मोडून बघितली तर आतला भेंडही मोठा आणि चौकोनी. निष्पर्ण सागावर गेल्या पावसाळ्यातल्या फुलोऱ्याचे वाळलेले सांगाडे आणि फुग्यासारख्या वेष्टनातली फळं उन्हाळ्यापर्यंत लटकत राहतात, त्यामुळे तो फसवत नाही. हळदूची डहाळी समोरासमोरच्या वणांची, पण टोकाचा डोळा चपटा आणि दोन उपपर्णांत, म्हणजे देठाजवळच्या छोट्या पानांत, झाकलेला. ही उपपर्णं दोन देठांच्या मधोमध उगवतात. हळदू, कळंब आणि त्यांच्या कुळातल्या सगळ्यांचीच ही खूण आहे, कॉफीच्या झाडालाही तुम्हाला ती सापडेल.

सालई, मोई, मोह, बेहडा यांच्या डहाळ्या जाड आणि टोकाशी वणांनी गच्च भरलेल्या. पानं झुपक्यानं येतात म्हणून वणही दाटीनं. मोहाची काडी ओली असताना मोडली की पांढरा चीक येतो. धावड्याच्या डहाळ्या याच्या अगदी उलट, बारीक आणि लवचीक. डिसेंबर-जानेवारीत गळण्याआधी त्याची छोटी पानं तांबूस होतात आणि एका उतारावरचे सगळे धावडे एकदम उठून दिसतात. पानं गेल्यावर ओळख पटते ती शर्टाच्या गुंडीएवढ्या वाळलेल्या फळांच्या गोळ्यांवरून आणि फिकट करड्या, गुळगुळीत खोडावरून. खपल्या पडून त्या खोडावर उथळ खळगे झालेले असतात. बाळंतिणीच्या लाडवांत जो धावड्याचा डिंक घालतात तो याच खोडातला.

काट्यांबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण या प्रदेशात काटा हा पानापेक्षा भरवशाचा साक्षीदार आहे. काटा टोचतो तेव्हा आपण तो उपटून फेकतो. त्याआधी एक क्षण तो कुठून निघालाय हे बघावं. बाभूळ, हिवर, खैर आणि बोर यांचे काटे पानाच्या बुडाच्या दोन बाजूंना, जोडीनं येतात. बाभळीचे सरळ, पांढरट, लांब. हिवराचेही सरळ, पण आखूड, आणि झाडाची साल फिकट. दुरून बाभूळ काळी दिसते, हिवर गोरा. खैराचे काटे आखूड आणि आकड्यासारखे खाली वळलेले, त्यामुळे अंगावरचा कपडा खैरात अडकला की पुढं ओढून सुटत नाही, मागं यावं लागतं. बोरीच्या जोडीतला बहुधा एक काटा सरळ आणि दुसरा वाकडा. ही एवढी खूण लक्षात राहिली तरी चार झाडं कायमची वेगळी होतात.

बेल आणि हिंगणबेट यांच्या काट्याची गोष्ट निराळी. तो पानाच्या बगलेतून निघतो, म्हणजे जिथं फांदी फुटायची तिथं. तो खरं तर फांदीच आहे, आखडून टोकदार झालेली. हिंगणबेटाचा काटा हिरवा आणि दणकट असतो. गेळ्याचे काटे याच प्रकारचे, पण समोरासमोर, कारण गेळ्याची पानंच समोरासमोर. तिसरा प्रकार सावरीचा. तिच्या खोडावरचे शंकूसारखे काटे ना पानाच्या बुडाशी, ना बगलेत. ते सालीवर कुठंही उगवतात. अंगठ्यानं बाजूनं दाबला की काटा सालीसकट निघतो आणि लाकडाला धक्काही लागत नाही. बाभळीचा किंवा बेलाचा असा निघत नाही.

सालीवर मात्र मी फार भर देत नाही. तरुण झाडाची साल वेगळी, म्हाताऱ्याची वेगळी, वणव्यातून गेलेल्याची आणखी वेगळी. टेंभुर्णीची काळी, चौकोनी तडकलेली साल आणि ऐनाची साल यांत चांगले चांगले चकतात. साल ही संशय घ्यायला पुरेशी आहे, निकाल द्यायला नाही.

निकाल लाकूड देतं.

सुरुवातीला एक गैरसमज दूर करू. इमारती लाकडाचे जगभर दोन वर्ग करतात: रुंद पानांच्या, फुलं येणाऱ्या झाडांचं ते कठीण लाकूड आणि देवदार, चीड अशा सूचिपर्णी झाडांचं ते मऊ. हाताला कोणतं कठीण लागतं याच्याशी या वर्गवारीचा संबंध नाही. काटेसावर पहिल्या वर्गात येते आणि तिच्या लाकडात नख रुतवता येतं. खरा फरक आत आहे. रुंदपानी झाडं पाणी वर न्यायला खास नळ्या तयार करतात. सूचिपर्णी झाडांत तशा नळ्या नसतात, तिथं बारीक धाग्यांसारख्या पेशीच पाणीही वाहतात आणि भारही पेलतात. म्हणून फळीचं टोक, म्हणजे जिथं खोड आडवं कापलं जातं ती बाजू, धारदार ब्लेडनं साफ करून बघितली तर रुंदपानी लाकडात छिद्रं दिसतात आणि पाइनच्या लाकडात दिसत नाहीत. मालाची खोकी आणि पॅलेट हल्ली बरेचदा पाइनची असतात. एखादा तुकडा उचलून बघा: वलयं ठळक, छिद्र एकही नाही.

यासाठी लागतं काय? दहापट मोठं दाखवणारं खिशातलं भिंग, नवं ब्लेड आणि थोडं पाणी. आडव्या कापावरचा बोटाच्या पेराएवढा भाग एका झटक्यात तासायचा. करवतीनं कापलेला भाग तसाच बघून उपयोग नाही, फाटलेल्या धाग्यांनी छिद्रं बुजलेली असतात. तासलेल्या जागेवर ओलं बोट फिरवलं की सगळं उघडं होतं. फळीच्या रुंद अंगावरच्या सुंदर रेषांकडे सध्या बघूच नका. पॉलिश आणि रंग याच अंगावर चढवतात, फसवणूकही याच अंगावर होते.

सागाचा काप पहिल्यांदा बघा, कारण तो वर्णमालेतला अ आहे. पावसाच्या सुरुवातीला झाड झपाट्यानं वाढतं तेव्हा ते मोठमोठ्या नळ्यांची एक ओळ टाकतं. पुढं पाऊस संपत आला की नळ्या बारीक आणि विरळ. त्यामुळे कापावर प्रत्येक वर्षाच्या आरंभाला मोठ्या छिद्रांची रांग वलयासारखी फिरलेली दिसते, साध्या डोळ्यांनीसुद्धा. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या या वलयांवरून गेल्या शतकांतल्या पावसाचा माग काढला आहे. वर्ष कोरडं गेलं की वलय अरुंद पडतं. आपल्याकडच्या झाडांत अशी रांग फार थोड्यांत असते. बकाणनिंबात ती आहे, तुणात आहे. बाकी बहुतेकांत छिद्रं सगळीकडे सारखी विखुरलेली. म्हणून ‘साग’ म्हणून विकायला ठेवलेल्या फळीच्या टोकाला छिद्रांची रांगच नसेल तर दुकानदारानं काहीही शपथ घेतली तरी तो साग नाही. रांग आहे, हात फिरवल्यावर किंचित तेलकट लागतंय, ताज्या कापाला चामड्याचा वास येतोय, रंग सोनेरी तपकिरी आहे: तर साग. तो डोंगरातला की आफ्रिकेतल्या लागवडीतला, हे मात्र भिंग सांगत नाही. घानाचा साग आणि आपला साग जात एकच.

छिद्रांनंतर बघायचं ते छिद्रांभोवती. बाभळीच्या कापात प्रत्येक छिद्राला फिकट रंगाचं कडं असतं. शिरिषातही ते दिसतं. शिसवात ही कडी बाजूंना लांबून एकमेकांना जोडली जातात आणि नागमोडी फिकट रेघा उमटतात. वड, पिंपळ, उंबर यांच्या कापात फिकट आणि गडद असे रुंद पट्टे आलटून पालटून येतात. एकदा बघितले की हे कुळ विसरत नाही. खैराची छिद्रं पांढऱ्या पदार्थानं भरलेली दिसतात. गाभ्याचं लाल लाकूड बारीक करून उकळलं की त्यातून विड्याचा कात निघतो.

वजनाला विसरू नका. सुक्या सागाचं वजन घनमीटरला साधारण ६५० किलो भरतं. सावर त्याच्या निम्म्याच्या आसपास. अंजनाचा गाभा पाण्यात टाकला तर बुडतो. गडद तांबूस, कधी जांभळट झाक असलेलं हे लाकूड भारतातल्या सगळ्यांत जड लाकडांपैकी एक. धावडाही जड, पण रंग राखाडी, मध्ये वेडावाकडा तपकिरी-जांभळट गाभा. तो धक्का सोसतो, चटकन तुटत नाही, म्हणून बैलगाडीचे आस आणि कुऱ्हाडीचे दांडे धावड्याचे. गोतास काळ होणारा दांडा बहुधा याच गोताचा. टेंभुर्णीत बाहेरचं लाकूड गुलाबीसर आणि मध्ये काळाकुट्ट गाभा. विड्या वळायला आपण हिचं पान नेतो, आणि आत ही आबनुसाची सख्खी बहीण आहे हे कुणाच्या गावीही नसतं. हळदूचं ताजं लाकूड पिवळं, पोत इतका एकसारखा की त्याच्या फण्या आणि सूतगिरणीतल्या बॉबिन करत. हवा लागली की रंग तपकिरीकडे झुकतो, तेव्हा जुन्या फळीत पिवळा शोधत बसू नये. सालईचं लाकूड पांढरट, हलकं, खोक्यांच्या लायकीचं समजलं जाई. पण सातपुड्याच्या पायथ्याशी नेपानगरला वर्तमानपत्राचा कागद निघू लागला तो याच सालईच्या लगद्यातून आणि बांबूतून.

बिबळा, म्हणजे बिजासाल, त्याची परीक्षा भिंगाशिवाय होते. सालीवर घाव बसला की रक्तासारखा लाल रस येऊन गोठतो. लाकडाचे छिलके काचेच्या पेल्यात पाण्यात टाकून ठेवले की पाणी तांबूस होतं, आणि उन्हात काळ्या पार्श्वभूमीवर धरलं की त्यावर निळी झाक चमकते. मधुमेहावर म्हणून याच लाकडाचे पेले विकतात. त्या उपचाराबद्दल डॉक्टरांनाच विचारा. पण पेला खरा बिबळ्याचा आहे का, हे निळी झाक सांगते.

लाकूड ओळखण्याचं हे शास्त्र आपल्याकडे वनखात्याच्या गरजेतून वाढलं. जेम्स साइक्स गँबल यानं भारतीय लाकडांवरचं पुस्तक १८८१ मध्ये काढलं. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ ची. तिथल्या संग्रहात देशोदेशीच्या लाकडांचे हजारो नमुने मांडलेले आहेत. के. ए. चौधरी यांनी तिथं बसून नुसत्या इमारती लाकडाचाच नव्हे, उत्खननांत निघालेल्या लाकडाचाही अभ्यास केला. हडप्पाला १९४६ च्या खोदकामात एक शवपेटी सापडली. तिचं लाकूड कुजून नुसते अवशेष उरले होते, तरी पेटी शिसवीची आणि झाकण देवदाराचं हे ठरवता आलं. चार हजार वर्षांनंतरही पहिला प्रश्न तोच होता: नळ्या आहेत की नाहीत?

पानाफुलांच्या ओळखीचा इतिहास इथं जरा वेगळा आहे. थिओडोर कुकचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला आणि आजही संशोधक तो उघडतात. पण त्याची हद्द खानदेशाच्या सीमेवर संपते. फर्दापूर तेव्हा निजामाच्या राज्यात. झाडांना इलाखा आणि संस्थान कळत नाही, तरी पुस्तकांना कळतं. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’ १९९८ मध्ये छत्रपती संभाजीनगरातून (तेव्हाच्या औरंगाबादेतून) निघाला, आणि या बाजूच्या झाडांची नोंद इथल्याच माणसानं केलेली हाताशी आली. गंभीरपणे शिकणाऱ्यानं तो ग्रंथालयात जाऊन बघावा.

फर्दापुरापर्यंत आलाच आहात तर अजिंठ्याच्या लेण्यांत या दोन्ही विद्या शेजारी शेजारी बघायला मिळतात. बावीस क्रमांकाच्या लेण्यात सात मानुषी बुद्ध आणि मैत्रेय आपापल्या बोधिवृक्षाखाली बसलेले रंगवले आहेत आणि नावं लिहिलेली आहेत. बौद्ध परंपरेत प्रत्येक बुद्धाचा वृक्ष ठरलेला: विपश्यीचा पाटली, विश्वभूचा साल, क्रकुच्छंदाचा शिरीष, कनकमुनीचा उंबर, काश्यपाचा वड, शाक्यमुनीचा पिंपळ. बुद्धांचे चेहरे सारखे. फरक दाखवायचा तो पानांनी. ही रीत जुनीच. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमला १८७३ मध्ये भरहुतला जो स्तूप सापडला, त्याच्या कठड्यावरही हे वृक्ष नावांसकट कोरलेले आहेत. साल या रांगांत उगवत नाही. इथल्या चित्रकारानं तो कधी पाहिला असेल का, अशी शंका मला येते. परंपरेनं दिलेलं पान त्यानं काढलं असावं.

पान ही चित्रकाराची खूण. नऊ आणि दहा क्रमांकांची चैत्यगृहं सुतारांची आहेत. ती अजिंठ्यातली सगळ्यांत जुनी. त्यांच्या छताला लाकडी फासळ्या बसवलेल्या होत्या. लाकूड गेलं, खोबणी राहिल्या. पुढं एकोणीस आणि सव्वीस क्रमांकांच्या लेण्यांत त्याच फासळ्या दगडातच कोरल्या, म्हणजे लाकडाचं काम दगडात उतरवलं. मूळ लाकडी कमानी बघायच्या तर कार्ल्याला जावं लागतं. तिथल्या चैत्यगृहात दोन हजार वर्षांच्या आसपास वय असलेल्या सागाच्या कमानी अजून छताला आहेत. त्या उभारणाऱ्याला सागातलं तेल वाळवीला नकोसं असतं हे शब्दांत सांगता आलं असतं की नाही कोण जाणे, पण कोणतं लाकूड निवडायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

ही विद्या आजही नुसत्या हौसेची नाही. महाराष्ट्राच्या १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, अंजन, मोह अशी झाडं आहेत. ती खासगी जमिनीवरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. तपासणी नाक्यावर ट्रक थांबतो तेव्हा त्यात पानं नसतात, ओंडके असतात. ओंडक्याच्या टोकाकडे बघून जात सांगणारा वनरक्षक तिथं नसेल तर कायदा कागदावर राहतो. वनरक्षकांच्या प्रशिक्षणात भिंग आणि ब्लेडला आणखी जागा मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्हाला शिकायचं असेल तर उभ्या झाडाला ब्लेड लावू नका. संरक्षित जंगलातून तर पडलेली काटकीही उचलून आणू नका. तिथं बघा, फोटो काढा, वहीत टिपा. नमुने मिळवायची जागा म्हणजे सुताराचं दुकान, आरा मशीन, रस्त्याकडेला छाटलेल्या फांद्या आणि मोडकळीला आलेलं जुनं घर. सुताराला आधी नाव विचारा, मग टोक तासून बघा, आणि जमलं नाही तर त्यालाच पुन्हा विचारा. काडेपेटीएवढा तुकडा पुरतो. त्यावर झाडाचं नाव, मिळाल्याची जागा आणि तारीख पेन्सिलीनं लिहा. शाईनं लिहू नका, ती लाकडात पसरते. पहिले तुकडे साग, बाभूळ, कडुनिंब, आंबा आणि पाइन यांचे जमवा. ते कुठल्याही तालुक्याच्या गावी मिळतात, आणि पाचही एकमेकांपासून वेगळे ओळखता येऊ लागले की सहावा आणायला मोकळे.